लिहिणाऱ्यांचे जाळे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मला प्रथम ‘मोबाईलचे दुष्परिणाम’ हा विषय सुचविण्यात आला होता. या विषयावर याच मंडपात यापूर्वी दोन व्याख्याने झाली आहेत आणि दोन्ही वेळी मागच्या रांगांतील श्रोते मोबाईलवरच होते. तेव्हा सचिव साहेबांच्या अनुमतीने मी विषय थोडा बदलून घेतला. ज्या वस्तूचे दुष्परिणाम आपण मोजतो, ती मुळात कोणी, कशासाठी आणि कोणत्या कल्पनेने निर्माण केली, त्या कल्पनेचे आपल्या मुलखात येईपर्यंत काय झाले, याचा विचार आज करावयाचा आहे. मी मराठीचा शिक्षक. संगणकशास्त्राची पदवी मजजवळ नाही. पण हा विषय जितका यंत्राचा आहे तितकाच अक्षराचाही आहे आणि अक्षराबद्दल बोलण्याचा थोडा अधिकार शिक्षकाला असतो, असे मी मानतो.

प्रथम एक गल्लत दूर करू. ‘इंटरनेट’ आणि ‘वेब’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः इंटरनेट म्हणजे संगणकांना जोडणारी वाट आणि त्या वाटेवरून संदेश नेण्याचे नियम. टपालाचे रस्ते, पोस्ट, पोस्टमन ही सारी व्यवस्था असते तशी. ती १९७० च्या आसपास अमेरिकेत उभी राहू लागली. वेब हे त्या वाटेवर नंतर आलेले लेखन होय. म्हणजे टपालाच्या वाटेने जाणारी पत्रे, पुस्तके आणि एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकाकडे नेणाऱ्या खुणा. मी बोलणार आहे तो या दुसऱ्या गोष्टीविषयी.

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाजवळ ‘सर्न’ नावाची अणुविज्ञानाची मोठी प्रयोगशाळा आहे. देशोदेशीचे हजारो शास्त्रज्ञ तेथे येतात, दोन-तीन वर्षे काम करतात आणि निघून जातात. जाताना त्यांचे ज्ञानही त्यांच्याबरोबर निघून जाते. कोणता प्रयोग कोणी केला, कागद कोठे ठेवला, तो कागद कोणत्या यंत्रावर वाचता येतो, हे मागे राहणाऱ्याला सांगता येत नाही. शाळेतील जुने लिपिक निवृत्त झाले की पुढे सहा महिने दाखल-खारीज रजिस्टर कोणत्या कपाटात आहे याचा शोध चालतो, हा अनुभव येथे बसलेल्या सर्वच मुख्याध्यापकांना असेल. तीच अडचण तेथे होती, फक्त प्रमाण मोठे होते. टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज तरुणाने मार्च १९८९ मध्ये यावर उपाय सुचविणारे एक टिपण आपल्या वरिष्ठांना दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते : माहिती कपाटासारखी खणाखणांत ठेवू नका. तिला जाळ्याचे रूप द्या. कोणत्याही कागदावरील कोणत्याही शब्दावरून दुसऱ्या कोणत्याही कागदाकडे जाता आले पाहिजे, मग तो कागद जगात कोणत्याही यंत्रावर असो. माईक सेंडल या त्याच्या वरिष्ठाने त्या टिपणावर शेरा मारला, “अस्पष्ट, पण रोमांचक.” शेरे मारणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा शेरा पाठ करून ठेवावा असा आहे. कारण शेरा मारून त्याने प्रकरण दप्तरात बंद केले नाही. त्या तरुणाला काम करण्यास वेळ दिला, पुढे यंत्रही घेऊन दिले.

एका कागदावरून दुसऱ्याकडे जाण्याची कल्पना अगदीच नवी नव्हती. अमेरिकेत व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ साली तिचे चित्र रंगविले होते आणि टेड नेल्सन यांनी १९६५ च्या सुमारास ‘हायपरटेक्स्ट’ हे नावही दिले होते. आपल्या ग्रंथालयातील मराठी विश्वकोशाचा कोणताही खंड उघडा. नोंदीच्या शेवटी ‘पहा’ असे लिहून दुसऱ्या नोंदींची नावे दिलेली दिसतील. दुवा म्हणतात तो हाच. फरक इतकाच की विश्वकोशात तुम्हाला उठून दुसरा खंड काढावा लागतो आणि तो खंड नेमका कोणीतरी घरी नेलेला असतो.

१९९० च्या अखेरीस बर्नर्स-ली यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. जगातील पहिले वेब-पान ज्या यंत्रावर होते, त्या यंत्रावर त्यांनी हाताने लिहून एक चिठ्ठी डकविली होती की हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये. कोणी सहज बटण दाबले असते तर जगातील संपूर्ण वेब त्या क्षणी बंद पडले असते! भारनियमनाच्या काळात वाढलेल्या आपल्या पिढीला त्या चिठ्ठीचे मर्म अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही पाने पाहण्यासाठी जे साधन लागते त्याला ब्राउझर म्हणतात. बर्नर्स-ली यांनी तयार केलेला पहिला ब्राउझर केवळ पाहण्याचा नव्हता. त्यातच लिहिण्याचीही सोय होती. जो वाचतो त्यानेच लिहावे, दुसऱ्याच्या लेखनाला आपल्या लेखनाचा दुवा जोडावा, अशी ती रचना होती. वाचक आणि लेखक अशा दोन जाती त्यात नव्हत्या. पण ते साधन नेक्स्ट नावाच्या एका महागड्या यंत्रावरच चाले आणि असे यंत्र फार थोड्यांकडे होते. तेव्हा निकोला पेलो नावाच्या एका विद्यार्थिनीने दुसरा ब्राउझर लिहिला. तो अतिशय साधा होता, केवळ ओळी दाखविणारा, पण कोणत्याही यंत्रावर चालणारा. त्यामुळे वेब प्रयोगशाळेबाहेर पडले. मात्र या साधनात लिहिण्याची सोय नव्हती, फक्त वाचण्याची होती. पुढे १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी ‘मोझॅक’ हा सचित्र ब्राउझर तयार केला. मजकुरातच चित्रे दिसू लागली, लोक त्यावर तुटून पडले, पण लिहिणे मागे राहिले ते राहिलेच. जगाने वेबला स्वीकारले ते वाचण्याची, पाहण्याची वस्तू म्हणून. यात कोणाची लबाडी नव्हती. यंत्रे निरनिराळी होती, वेळ थोडा होता, प्रसार व्हावा ही घाई होती. परंतु जन्मतःच दोन हात असलेल्या मुलाचा एक हात पाळण्यातच बांधला गेला, आणि तो पुरता सुटलेला नाही, असे मला वाटते.

दुसरी एक गोष्ट मात्र त्या प्रयोगशाळेने फार मोठ्या मनाने केली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले की वेबचे तंत्र सर्वांसाठी खुले आहे, त्यावर कोणाला काही द्यावे लागणार नाही. याचे महत्त्व लक्षात यावे म्हणून शेजारचे एक उदाहरण देतो. त्याच काळात मिनेसोटा विद्यापीठाचे ‘गोफर’ नावाचे असेच एक तंत्र वेबपेक्षाही अधिक लोकप्रिय होते. १९९३ च्या प्रारंभी त्या विद्यापीठाने काही वापरासाठी शुल्क घेण्याचे जाहीर केले आणि लोक गोफर सोडून जाऊ लागले. सार्वजनिक विहिरीवर रहाट बसवून चार आणे घागर असा फलक लावावा, तसे ते झाले. गावाने दुसरी विहीर शोधली.

हे सारे आपल्या देशात कसे आले ते थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे सुरू केले. त्यात आय.आय.टी. होत्या, बंगलोरची विज्ञान संस्था होती आणि मुंबईत जुहू येथील ‘एन.सी.एस.टी.’ ही संस्था होती. डॉ. एस. रमणी हे तेथील प्रमुख. सर्वसामान्य नागरिकांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे सेवा सुरू केली. टेलिफोनच्या तारेवरून ती मुंगीच्या पावलांनी चाले. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी ती पोहोचली ती सायबर कॅफेच्या रूपाने, त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तेथे तासाच्या हिशेबाने पैसे देऊन आम्ही निकाल पाहत असू. आलेली प्रत्येक अक्षरओळ इंग्रजी असे.

आणि येथेच आपल्या लोकांचे खरे कार्य सुरू होते. वेब वाचण्यास खुले होते, लिहिण्यासही तत्त्वतः खुले होते, पण कोणत्या अक्षरांत? ज्याच्या यंत्रात ‘क’ नाही त्याने लिहावे कसे? या प्रश्नाचे उत्तर वेबच्या जन्मापूर्वीच काही मंडळी शोधीत होती. त्यांची नावे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक नाहीत, म्हणून ती आज मुद्दाम घेतो.

कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये १९८० च्या दशकाच्या प्रारंभी डॉ. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी संगणकाला देवनागरी शिकवीत होते. त्यांत मोहन तांबे होते. त्या कामातून ‘जिस्ट’ नावाचे तंत्र निघाले. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. ते अकोला जिल्ह्यातील मुरंबा या लहानशा खेड्यातले, हे येथील खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. त्यांचे नाव ‘परम’ या महासंगणकामुळे गाजले. पण मोहन तांबे यांच्याबरोबर जिस्टचे कामही त्याच संस्थेत आले, आणि माझ्या दृष्टीने ते परमपेक्षा लहान नाही. महासंगणक थोड्या शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडतो. अक्षर सर्वांच्या उपयोगी पडते.

या मंडळींनी काय ओळखले? भारतातील बहुतेक लिप्या दिसायला भिन्न असल्या तरी त्यांची वर्णमाला एकच आहे. क, ख, ग, घ हा क्रम बंगालीतही तोच, गुजरातीतही तोच, कन्नडातही तोच. मग प्रत्येक लिपीसाठी निराळी व्यवस्था कशाला? एकच संकेत ठरवावा, एकच कळफलक ठरवावा, आणि दिसणारे रूप तेवढे लिपीप्रमाणे बदलावे. या विचारातून ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक सिद्ध झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ या संकेताला मानकाचा दर्जा दिला. इनस्क्रिप्टची मांडणी पाहिली की शिक्षकाला आनंद होतो. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. ‘क’ ज्या कळीवर आहे तीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’. ‘ग’ च्या कळीवर ‘घ’. ‘त’ वर ‘थ’, ‘द’ वर ‘ध’. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद आम्ही नववीच्या वर्गात तासभर घसा कोरडा करून शिकवितो, तो या कळफलकाने बोटांना शिकविला आहे. असे असूनही आपली मुले ‘माझे’ लिहिण्यासाठी इंग्रजी एम, ए, झेड, ई शोधतात. ती सोय आहे, तिला मी नावे ठेवणार नाही. पण ज्यांना मराठी टंकलेखन शिकून नोकरी करावयाची आहे त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावे. पंधरा दिवस पुरतात.

दुर्दैवाने पुढे काही काळ गोंधळाचा आला. वेब मराठीत येऊ लागले तेव्हा प्रत्येक वृत्तपत्राचा, प्रत्येक छापखान्याचा स्वतःचा फाँट असे. ते वस्तुतः इंग्रजी अक्षरांवर चढविलेले मराठी मुखवटे होते. तो विशिष्ट फाँट तुमच्या यंत्रात असेल तर मराठी दिसे, नसेल तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. शोधावयास गेले तर काहीच सापडत नसे, कारण यंत्राच्या लेखी ते मराठी नव्हतेच. आजही सरकारी कचेऱ्यांतून आलेली एखादी जुनी फाईल उघडल्यावर ही खिचडी समोर येते, हे कार्यालयातील आमचे सहकारी सांगतील. जगातील सर्व लिप्यांना एकेक कायमचा क्रमांक देणारा ‘युनिकोड’ हा संकेत १९९१ सालीच आला होता आणि त्यातील देवनागरीचा क्रम आपल्या इस्कीवरूनच घेतला होता. पण तो घरोघरीच्या यंत्रांत रुजायला पुढचे दशक उजाडले. विंडोज २००० बरोबर जो ‘मंगल’ फाँट आला तो प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला. मुंबईच्या आय.आय.टी.त अक्षररेखन शिकविणारे, स्वतः कवी, नंतर त्याच एन.सी.एस.टी.त काम करणारे हे गृहस्थ २००८ मध्ये निवर्तले. तुमच्यापैकी ज्यांनी कधीही संगणकावर मराठी वाचले असेल त्यांनी त्यांच्या हातचे अक्षर वाचले असण्याचा फार संभव आहे.

मराठीचे म्हणून काही खास हट्ट आहेत, तेही कोणीतरी धरावे लागले. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत रफार आणि अर्धा र एवढाच भेद आहे, पण एकाला मान द्यावयाचा असतो आणि दुसऱ्याला मजुरी. हिंदीला हा भेद लागत नाही. तेव्हा तो यंत्रात हवा, हे सांगण्यास मराठी माणूसच हवा होता. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. मराठीत आपण अ वर चंद्र देऊन ते लिहितो. या रूपाला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोपर्यंत ए वर चंद्र काढून वेळ भागवावी लागे. लहानशी बाब आहे. पण जी भाषा मागत नाही तिला यंत्र देत नाही.

आपल्या संस्थेत उर्दू माध्यमाचे वर्ग आहेत, म्हणून उर्दूबद्दल चार शब्द बोलणे भाग आहे. उर्दूची वाट अधिक खडतर होती. नस्तालीक लिपीत अक्षरे एका ओळीवर बसत नाहीत, ती उजवीकडून तिरकी उतरत येतात आणि शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतात. म्हणूनच उर्दू वृत्तपत्रे कितीतरी काळ कातिबांच्या हातांनी लिहिली जात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने ‘नूरी नस्तालीक’ सिद्ध केले. त्यासाठी हजारो अक्षरजुळण्या एकेक करून हाताने लिहून काढल्या होत्या. १९९४ च्या सुमारास ‘इनपेज’ आले आणि उर्दू छापखान्यांची सोय झाली. पण वेबवर मात्र उर्दू पाने दीर्घकाळ छायाचित्रे म्हणून चढविली जात. डोळ्यांना अक्षर सुंदर दिसे, पण यंत्राला ते केवळ चित्र. त्यातला एक शब्द शोधता येत नसे, एक दुवा जोडता येत नसे. अशी कितीतरी उर्दू पाने आजही पडून आहेत. ती आहेत, पण सापडत नाहीत.

अक्षर मिळाल्यावर लिहिणारे पुढे आले. १९९६ साली, म्हणजे भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळून जेमतेम वर्ष झाले असता, अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी ‘मायबोली’ सुरू केली. परदेशी गेलेली मराठी माणसे तेथे पाककृतींपासून राजकारणापर्यंत सर्व विषयांवर बोलू लागली. २००४ मध्ये महेश वेलणकर यांनी ‘मनोगत’ सुरू केले. तेथे युनिकोड मराठीत थेट लिहिता येई, शुद्धलेखन तपासण्याचीही सोय होती. या मंडळींना कोणी मानधन दिले नव्हते. आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. ज्या पानावर वाचतो तेच पान दुरुस्त करता येते, ही विकीची युक्ती अमेरिकेत वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये काढली होती. जिनिव्हाच्या त्या पहिल्या साधनातील बांधलेला हात विकीने काही अंशी सोडविला. आज मराठी विकिपीडियावर नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत, उर्दू विकिपीडियावर दोन लाखांहून अधिक.

येथपर्यंतची कथा शहरांची, आय.आय.टी.ची आणि परदेशस्थांची झाली. खेड्यात काय झाले? याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे आणि आपल्या जिल्ह्याशी त्याचा एक संबंध आहे, जो कोणी जोडलेला मी पाहिला नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला वारणेचा सहकारी समूह आहे. १९९८ मध्ये केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणेच्या संस्था यांनी मिळून तेथे एक प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांत संगणक केंद्रे उघडली. इंग्रजीत त्याला ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणत. योजना मोठी होती. बाजारभाव, शेतीचा सल्ला, जमिनीचे उतारे, शिक्षण, सर्व काही गावात मिळावे असा हेतू होता. प्रत्यक्षात चालले ते प्रामुख्याने उसाचे काम. लागणीची नोंद, तोडीची पाळी, उसाचे वजन, बिलाची रक्कम. शेतकऱ्याचे कारखान्याचे हेलपाटे वाचले, हा लाभ खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. परंतु सत्तर गावांतील त्या संगणकांवर गावाने स्वतः काही लिहिले असे फारसे घडले नाही. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत प्रयोग करून दाखविला, की शेतकऱ्याला हवी असलेली ही माहिती साध्या मोबाईलच्या लघुसंदेशानेही मिळू शकते, त्यासाठी संगणकच हवा असे नाही. म्हणजे जगातील सर्व ज्ञान गावात आणण्यासाठी आलेले यंत्र शेवटी वजनकाट्याची चिठ्ठी देण्यापुरते उरले.

आणि आता आपला संबंध. ती यंत्रणा सभासद शेतकऱ्यांसाठी होती. पण तो ऊस तोडतो कोण? दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून कोयते निघतात. कोल्हापूर-सांगलीच्या फडांतही जातात. आज समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे आईवडील या क्षणी कोठे आहेत हे मला ठाऊक आहे. उसाच्या प्रत्येक टनाचे वजन यंत्रात लिहिले गेले. तो टन ज्या जोडप्याने तोडला, मोळ्या बांधल्या आणि डोक्यावरून गाडीत भरला, त्याचे वजन मुकादमाच्या वहीत राहिले. किती उचल घेतली, किती फिटली, किती खाडे धरले, हे त्या वहीतच आणि मुकादमाच्या अक्षरात. दोन कोयत्यांचा हिशेब जुळला नाही तर दाखवायला कामगाराजवळ काहीच नसते. वेबच्या जनकांनी वाचणारा आणि लिहिणारा एक असावा असे का म्हटले होते, याचे उत्तर जिनिव्हात शोधण्यापेक्षा त्या वहीत लवकर सापडते.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, गुरुजी, आता तर प्रत्येकजण दिवसभर लिहितच असतो. व्हॉट्सॲपवर काय कमी लिहितात? प्रश्न योग्य आहे. ते लेखन आहेच. पण त्याला पत्ता नाही. ते बंद घरातले बोलणे आहे. तीन महिन्यांनी ते स्वतःलाही सापडत नाही आणि बाहेरच्या कोणाला त्याच्याशी दुवा जोडता येत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की दुवा गेला की साक्षही गेली. वेबच्या मूळ कल्पनेत प्रत्येक विधानामागे बोट ठेवून ‘हे कोठून आले’ असे विचारता येत होते. पुढे ढकललेल्या संदेशात ते विचारता येत नाही, आणि असे संदेश गावात काय करू शकतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बर्नर्स-ली यांनाही या वळणाची खंत आहे. आपली माहिती मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात न राहता ज्याची त्याच्या हाती असावी, यासाठी ते ‘सॉलिड’ नावाचे तंत्र विकसित करण्यात गुंतले आहेत. त्यांना यश येईल की नाही हे मी सांगू शकत नाही.

आपल्या हातात काय आहे ते पाहू. मराठी विकिपीडियावर आपल्या जिल्ह्यातील गावांची पाने आहेत. आपापल्या गावाचे पान आज घरी जाऊन जरूर उघडा. बहुतेक पानांवर गावाचे नाव, तालुक्याचे नाव, हवामानाचा एक परिच्छेद आढळेल, आणि तोच परिच्छेद शेजारच्या गावाच्या पानावरही शब्दशः आढळेल. पुढे ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’ अशी शीर्षके आहेत आणि त्यांखाली कोरी जागा. कोणीतरी आपल्यासाठी घर बांधून, खोल्यांना नावे देऊन, दार उघडे ठेवून गेले आहे. ज्या जिल्ह्यातील अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे आणि जेथे दासोपंतांनी भल्यामोठ्या पासोडीवर आपले पंचीकरण लिहून ठेवले, त्या जिल्ह्याला लिहिण्यास जागा अपुरी पडली असे कोणी म्हणू शकणार नाही.

मात्र एक अट आहे. विकिपीडियाला आधार लागतो. ‘आजोबा सांगत’ एवढे तेथे चालत नाही, कोठेतरी छापलेले असावे लागते. ही अट गैरसोयीची असली तरी मला ती मान्य आहे. अडचण अशी, की ऊसतोडीच्या कामाचे, गावच्या जत्रा-उरुसाचे, आटलेल्या विहिरींचे छापील आधार फार थोडे आहेत. म्हणून माझी संस्थेला एक विनंती आहे. ही स्मरणिका दरवर्षी छापली जाते. तिच्यातील काही पाने शुभेच्छांच्या जाहिरातींतून वाचवून विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या माहितीस द्यावीत. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख घालून. आधार म्हणून त्यावर कोणी वाद घालील, तर घालू द्या. वाद घालण्यासाठी तरी काही छापलेले असेल.

नववी आणि दहावीच्या मुला-मुलींनी या वर्षी आरंभ केला आहे. ऊसतोडीच्या कामातील शब्द त्यांनी घरून विचारून आणले : कोयता, फड, मोळी, वाढे, पाचट, कोपी, उचल, खाडा, पट्टा पडणे. प्रत्येक शब्दापुढे अर्थ आणि शब्द सांगणाऱ्याचे गाव लिहिले आहे. ‘कोयता’ या शब्दावरून वर्गात पुष्कळ वेळ गेला. एकाचे म्हणणे, कोयता म्हणजे हत्यार. एका मुलीचे म्हणणे, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, कारण उचल देताना तेच मोजतात. तिच्या आईला फोन लावून विचारले. आई म्हणाली, दोन्ही लिहा, आणि अर्धा कोयता कोणाला म्हणतात तेही लिहा. ते आम्ही लिहून घेतले आहे. यादी सूचनाफलकाशेजारी लावली आहे. जाताना पालकांनी ती वाचावी आणि जो शब्द राहून गेला असेल तो खाली लिहावा. पेन दोरीने बांधून ठेवले आहे.